हळू चालणारे शेवटी

पहाटे ४.४५

डोळे उघडले की आधी फ्रीज, देवाचं नाव नंतर. हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये माझ्या चार यात्रेकरूंचं इन्सुलिन ठेवलंय. प्रत्येक पिशवीवर मार्करनं खोलीचा नंबर लिहिलेला. रात्रपाळीचा पोरगा जांभई देत दार उघडतो. चारही पिशव्या जागेवर आहेत. चला, दिवस सुरू झाला.

वसईत आत्ता सव्वाआठ वाजलेत. त्यामुळे मोबाइलवर मुलासुनांचे निरोप येऊन पडलेत. ‘आईला गुडघ्याचा पट्टा बांधायला सांगा.’ ‘बाबा फोन उचलत नाहीत, बरे आहेत ना?’ बाबा बरे आहेत. बाबांनी फोन विमानात बंद केला, तो पुन्हा सुरू कसा करायचा हे ते विसरलेत. लिस्बनला उतरल्यापासून मी तो तीनदा सुरू करून दिलाय.

आमचा जथा अडतीस जणांचा, फादर धरून. गास, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, पापडी, माणिकपूर अशा वसईच्या धर्मग्रामांतली माणसं. बहुतेक साठीच्या पुढची. यात्रा बारा दिवसांची: लिस्बनला उतरून फातिमा, मग स्पेन ओलांडून फ्रान्समध्ये लूर्द, इथून तुलूजला जाऊन विमानानं इटली, तिथं पादुआ, असिसी आणि शेवटी रोम. आज सहावा दिवस. काल बुर्गोसहून निघालो, वाटेत लोयोलाला संत इग्नेशियसचं घर पाहिलं आणि रात्री साडेआठला इथं लूर्दला टेकलो.

अठरा वर्षं मी हेच काम करते. कागदावर ‘टूर मॅनेजर’. वारीतल्या दिंडीला चोपदार असतो ना, तसं काहीतरी. फक्त माझ्या हातात चोप नाही, पिवळं निशाण लावलेली छत्रीची काठी आहे. आणि एक वही. वहीच्या पहिल्या पानावर माझे नियम आहेत, सगळे ठेचा खाऊन शिकलेले. एक: बस सुटण्याआधी दोनदा मोजायचं, माणसं मोजायची, खुर्च्या नव्हे. दोन: पासपोर्टच्या प्रती माझ्याकडे, अस्सल त्यांच्या गळ्यात. तीन: हळू चालणारे शेवटी. म्हणजे बसमधून उतरताना गुडघेदुखीवाल्यांनी मागं थांबायचं, भराभर चालणाऱ्यांना आधी उतरू द्यायचं. दारात वाट अडत नाही, थांब्यामागं तीन मिनिटं वाचतात.

तिसरा नियम मला स्वतःला फार हुशारीचा वाटत आला आहे.

सकाळी ६.००

दिवे गेले. आमच्या मजल्याचेच.

कारण मला माहीत आहे. युरोपातल्या साध्या हॉटेलांत खोलीत चहाची किटली नसते, आणि वसईचा माणूस चहाशिवाय मिस्सेला जात नाही. म्हणून बॅगेतून विजेची किटली आलेली असते. एक किटली चालते. एका मजल्यावर सहा किटल्या एकदम लागल्या की फ्यूज उडतो. त्यातल्या एका खोलीत तर छोटा कुकरही निघाला, आत खिचडी. दुपारच्या डब्याची सोय.

मॅनेजरबाई खाली हात बांधून उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी बेताचं, मला फ्रेंच त्याहून बेताचं. मी ‘पार्दों’ म्हटलं, हात जोडले, आणि कालच मिळालेला सुकेळ्यांचा पुडा त्यांच्या हातात ठेवला. वसईची सुकेळी म्हणजे राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवलेली. मधासारखी तांबूस, चावताना दाताला किंचित चिकटणारी. बाईंनी वास घेतला, एक तुकडा तोडला आणि फ्यूजच्या पेटीकडं निघाल्या. तक्रार तिथं मिटली.

सुकेळी गासच्या मावशींची. वय शहात्तर. लाल लुगडं, वर लेकानं घेऊन दिलेलं निळं जाकीट, पायांत पांढरे बूट. चाळीस वर्षं त्यांनी भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन पहाटेची लोकल धरली, दादरला विकल्या, परत येऊन वाडीला पाणी लावलं. गुडघे तिथंच गेले. या यात्रेचे पैसे त्यांनी स्वतःच्या गाठीचे भरलेत, आणि ते त्या दिवसातून एकदा तरी ऐकवतात.

सकाळी ७.३०

मराठी मिस्सा. लूर्दच्या तीर्थस्थानात गटांना छोटी चॅपेल मिळतात, पण महिनोनमहिने आधी लिहून जागा धरावी लागते आणि मिळते ती ठरलेली वेळच. आमच्या आधी पोलंडचे लोक होते, नंतर कोरियाचे दारात उभे. मध्ये आमची पाऊण तासाची फट.

दारातल्या सेवकानं फादरांचं ‘सेलेब्रेट’ पाहिलं. सेलेब्रेट म्हणजे धर्मगुरूचा परवानाच. हा माणूस खरोखर धर्मगुरू आहे, याला मिस्सा करायची मुभा आहे, असं त्याच्या बिशपांनी दिलेलं पत्र. एका वर्षी आमचे एक फादर ते घरी टेबलावर विसरून आले होते. तेव्हापासून माझ्या यादीत विम्याच्या आधी सेलेब्रेट असतं.

मराठीतला प्रार्थनाग्रंथ फादर वसईहून हातातल्या पिशवीत घेऊन आले आहेत. वेदीवर तो उघडला आणि पहिलंच वाक्य मराठीत झालं, तेव्हा दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. घरी रोज तीच वाक्यं ऐकताना यांतल्या कितीजणी घड्याळ बघत असतील! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या पुढं, मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषांत आली. मावशींना आधीची आठवते. “तेव्हा फादर पाठ करून उभे असायचे आणि आम्ही मागं आपली जपमाळ ओढायचो,” त्या म्हणतात. “काय चाललंय ते देवाला कळायचं आणि फादरला.”

मी दारापाशी उभी राहून मिस्सा ऐकते. बसले तर झोप लागेल, आणि एका डोळ्यानं कोरियन गटाच्या म्होरक्याकडं बघावं लागतं. तो घड्याळाकडं बघतोय.

सकाळी ९.१५

गावातली फेरी. लूर्दची वस्ती जेमतेम तेरा-चौदा हजार, पण हॉटेलांच्या संख्येत फ्रान्समध्ये पॅरिसखालोखाल याचाच नंबर सांगतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं: जपमाळा, मेणबत्त्या, पेपरमिंटच्या गोळ्या, मातेच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. बाटलीचं निळं झाकण म्हणजे मातेचा मुकुट. पाणी भरायचं तर आधी मुकुट काढावा लागतो. आमच्या एका काकींना ते बरं वाटेना. त्यांनी साधा कॅन घेतला.

गाइड स्थानिक, इंग्रजी बोलणारी. मी मराठीत सांगत जाते. बर्नादेत सुबिरूचा जन्म १८४४ चा, बाप पाणचक्कीवर दळण दळणारा. गिरणीचं नाव ‘बोली’. पुढं धंदा बुडाला, गिरणी गेली. १८५५ च्या कॉलऱ्यात पोर वाचली, पण दम्यानं कायमची धरली. शेवटी सहा जणांचं कुटुंब ‘काशो’त राहायला आलं. काशो म्हणजे गावचा जुना तुरुंग. कैद्यांनाही बरा नाही म्हणून सोडून दिलेला.

ती खोली आम्ही पाहिली. जेमतेम सोळा चौरस मीटर. एक चूल. आमचे लोक दहा-दहाच्या तुकड्यांनी आत गेले. पुरुष गप्प बाहेर आले. बायका मात्र आत हिशोब मांडत होत्या: खाट इथं, चूल इथं, मग पोरं कुठं निजत असतील?

११ फेब्रुवारी १८५८ ला ही चौदा वर्षांची मुलगी बहीण आणि मैत्रिणीबरोबर सरपण गोळा करायला नदीकाठी गेली आणि मसाबिएलच्या खडकातल्या कपारीत तिला पांढऱ्या वस्त्रातली बाई दिसली. १६ जुलैपर्यंत अठरा वेळा. २५ मार्चला त्या बाईनं आपली ओळख सांगितली: मी निष्कलंक गर्भसंभव. पोपनी हा सिद्धांत चारच वर्षांपूर्वी, १८५४ मध्ये जाहीर केला होता. धड लिहितावाचता न येणाऱ्या पोरीला ते शब्द कळले नाहीत. विसरू नयेत म्हणून ती वाटभर घोकत धर्मगुरूंकडं गेली.

ते शब्द फ्रेंच नव्हते. बर्नादेतला फ्रेंच येत नव्हतं. ती तिथली गावठी भाषा बोलायची, आणि ती बाई तिच्याशी त्याच भाषेत बोलली. मसाबिएलच्या गुंफेतल्या पुतळ्याच्या पायाशी आजही ते वाक्य त्याच बोलीत कोरलेलं आहे.

हे मी दर वेळी सांगते, आणि दर वेळी आमच्या लोकांत कुजबुज होते. घरात कादोडी बोली, शाळेत मराठी, बँकेत इंग्रजी, असा यांचा जन्म गेला. जी बोलताना लोक हसले, ती भाषा कुठली, हे यांना समजावून सांगावं लागत नाही. आज मावशींनी विचारलं, “म्हणजे माउली हिच्याशी आपल्यासारखंच बोलली?”

“हो मावशी.”

“मग शिकलेल्या लोकांना भाषांतर करून घ्यावं लागलं असेल.”

सकाळी ११.००

गुंफा. इथं बोलायचं नाही, असं फलकावर लिहिलंय, आणि नवल म्हणजे कुणी बोलतही नाही. शेजारून गाव्ह नदी वाहते. पिरेनीजचं बर्फ वितळायला लागलंय, तेव्हा पाण्याला हिरवट रंग आणि ओढ दोन्ही आहे. हीच नदी ऑक्टोबर २०१२ मध्ये आणि लगेच पुढच्या जूनमध्ये चढली आणि गुंफा पाण्याखाली गेली होती. जून २०१३ मध्ये इथं येणारा एक जथा मला ऐनवेळी दुसरीकडं वळवावा लागला. त्यांतली काही माणसं आजही भेटली की तो विषय काढतात.

रांग लांब. ती खडकाच्या कडेनं आत शिरते, कपारीखालून जाते आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडते. जाताना प्रत्येक जण डावा हात खडकावर ठेवतो. दीडशेहून अधिक वर्षांच्या हातांनी खडक असा गुळगुळीत झालाय की ओलसर कातडीवरून हात फिरवल्यासारखं वाटतं. आत काचेखाली तो झरा दिसतो. बर्नादेतनं २५ फेब्रुवारीला हातांनी चिखल उकरला, गढूळ पाणी तोंडाला लावलं, आणि बघणारे म्हणाले, पोर बिघडली. दुसऱ्या दिवशीपासून पाणी निवळत गेलं.

आमची रांग अर्ध्यावर आली असेल. इतक्यात सेवकानं दोर आडवा धरला. बाजूनं निळ्या खुर्च्या यायला लागल्या. लूर्दच्या या खास गाड्या: पुढं ओढायचा दांडा, वर पावसासाठी निळं छप्पर, मागं ढकलणारा एक माणूस. एक, दोन, बारा, तीस. सगळी रांग थांबली. कुणी घड्याळ बघितलं नाही. मी बघितलं.

मला माहीत असलेल्या जगात आधी सशक्त माणसं पुढं जातात आणि मग आजाऱ्यांची सोय होते. इथं सगळं गाव उलटं बांधलंय. रस्त्यावर आजाऱ्यांच्या गाड्यांसाठी वेगळा पट्टा आखलेला, मिस्सेत पहिली जागा त्यांची, मिरवणुकीत पुढं ते. धडधाकट माणसानं मागं राहायचं आणि वाट बघायची. अठरा वर्षं मी हे बघते. अठरा वर्षं मला त्यात फक्त वेळापत्रकाची अडचण दिसली.

“मावशी, तुमच्यासाठी खुर्ची सांगू का? मोफत असते,” मी हळूच विचारलं.

“मी काय आजारी आहे?” मावशी म्हणाल्या आणि लुगड्याचा काठ सावरून ताठ उभ्या राहिल्या. त्यांच्या मागं बँकेतून निवृत्त झालेले माणिकपूरचे काका होते. त्यांनी माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या. काल त्यांनी सांगितलंच होतं, “मॅडम, एका माणसामुळं सदतीस जणांचा खोळंबा होतो.” काकांनी सगळ्यांत आधी पैसे भरले होते, म्हणून बसमधली पहिली रांग त्यांची.

दुपारी १.००

जेवण. भात, डाळ, कोंबडीचा रस्सा. तिखट बेताचं, पण भात भरपूर. पाच दिवसांच्या पावानंतर याहून अधिक कुणाचं मागणं नाही. मी उभ्यानं जेवले.

दुपारी २.३०

पाण्याची वेळ. पूर्वी इथल्या दगडी टाक्यांत पूर्ण बुडी घ्यायची पद्धत होती. पाणी बाराएक अंश, बुडी म्हणजे श्वास अडकायचा. कोविडनंतर बहुतेकांसाठी साधी रीत आली. सेवक तुमच्या ओंजळीत पाणी घालतात. आधी हात धुवायचे, मग तोंड, मग तिसरी ओंजळ प्यायची. बर्नादेतला जे सांगितलं गेलं, तेवढंच.

बाहेर बाकावर वाट बघताना बँकेचे काका शेजारी येऊन बसले. “खरं सांगा मॅडम, किती जण बरे झाले इथं? आकडा काय?”

आकडा मला पाठ आहे. इथं १८८३ पासून डॉक्टरांची कचेरी आहे. कुणी ‘मी बरा झालो’ म्हणून आला की त्याचे कागद तपासायचे, वर्षानुवर्षं त्याला बघत राहायचं, हे तिचं काम. अशा नोंदी सात हजारांच्या वर गेल्या. त्यांतले चमत्कार म्हणून मान्य झाले सत्तरच्या थोडे वर. डॉक्टर चमत्कार म्हणत नाहीत. आजच्या वैद्यकाला याचं कारण सापडत नाही, एवढंच ते सांगतात. आजार गंभीर हवा, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ हवं. पुढचा शब्द त्या माणसाच्या बिशपांचा. २०१८ मध्ये एका फ्रेंच सिस्टरचं बरं होणं मान्य झालं, तो सत्तरावा.

काकांनी मनात भागाकार केला. “म्हणजे शंभरात एक.”

“नोंद केलेल्यांत. येणारे लाखोंनी येतात.”

“तरी लोक येतातच.”

“तुम्ही का आलात?”

काका काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नीचं नाव त्यांच्या प्रार्थनेच्या चिठ्ठीवर आहे. चिठ्ठ्या गोळा करून पेटीत टाकणं माझं काम, म्हणून मला ठाऊक. ती वर्षापूर्वी गेली. मी पुढं विचारलं नाही.

मग कॅन. नळांवर पाणी फुकट, हवं तेवढं. घरी गेल्यावर गल्लीभर वाटायचं असतं. पण बऱ्याच विमानतळांवर हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर द्रव चालत नाही, सगळं मोठ्या बॅगेत जाणार, आणि मोठ्या बॅगेला वजनाची हद्द. मी दर वर्षी सांगते: माणशी एक लिटर. दर वर्षी पाच लिटरचे कॅन भरले जातात. झाकणाला चिकटपट्टी, वर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीवर जुना टॉवेल. हे कसब आता मला झोपेतही जमेल.

संध्याकाळी ५.००

पवित्र साक्रामेंताची, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची मिरवणूक. नदीपलीकडच्या कुरणावरून निघते आणि जमिनीखालच्या बॅसिलिकेत संपते. संत पायस दहाव्यांच्या नावाची ही बॅसिलिका दर्शनांच्या शताब्दीला, १९५८ मध्ये बांधली. आत वीस हजारांवर माणसं मावतात, आणि मध्ये एक खांब नाही. छताच्या काँक्रीटच्या कमानी उलट्या घातलेल्या होडीच्या फासळ्यांसारख्या दिसतात. पापडीच्या एका काकांच्या घरी पूर्वी मचवा होता. ते मान वर करून बराच वेळ फासळ्या मोजत उभे राहिले.

उतारावरून आत जाताना मावशी थांबल्या. एक हात कठड्यावर, ओठ घट्ट. पायांत गोळे आले होते. माणसांचा लोंढा बाजूनं वाहत होता, आणि मला पुढं निशाण धरून सदतीस जण सांभाळायचे होते. माझ्या नियमाप्रमाणं मावशी शेवटी होत्या. नियम बरोबर चालला होता, फक्त त्या शेवटाला त्यांच्याबरोबर कुणी नव्हतं.

तेवढ्यात एक सेविका रिकामी निळी खुर्ची घेऊन आली. तीही सत्तरीची असावी, पांढरा डगला, डोक्यावर पांढरा रुमाल. या सेवकांची संघटना १८८५ पासूनची. माणसं स्वतःच्या खर्चानं येतात, स्वतःच्या खर्चानं राहतात आणि आठवडाभर खुर्च्या ढकलतात. तिनं मावशींना काही विचारलं नाही. नुसती खुर्चीच्या गादीवर दोनदा थाप मारली. शेजारीण ओटीवर बसायला बोलावते तशी.

मावशींनी माझ्याकडं बघितलं. मग बसल्या. सेविकेनं त्यांच्या मांडीवर शाल पसरली. मावशींनी लुगड्याचा सोगा चाकात जाऊ नये म्हणून उचलून मांडीखाली खोचला. सेविका थांबून ते बघत राहिली. मान हलवली, जणू म्हणाली, हे मला माहीत नव्हतं. मग एक कादोडीत बोलत, दुसरी फ्रेंचमध्ये बोलत, दोघी उतारावरून खाली गेल्या, थेट सगळ्यांत पुढं. धर्मगुरू साक्रामेंत घेऊन आशीर्वाद द्यायला खुर्च्यांच्या रांगेतून फिरले, तेव्हा माझे सदतीस जण टाचा उंच करून लांबून मावशींना शोधत होते.

संध्याकाळी ७.१५

जेवण लवकर. मग कागद. उद्या सकाळी सातला तुलूजकडं निघायचं. चालकाला युरोपच्या नियमाप्रमाणं सलग अकरा तास विश्रांती लागते. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायलाच हवं. गाडीतलं यंत्र सगळं नोंदवून ठेवतं, त्याच्याशी विनवणी चालत नाही. आज चालक दिवसभर झोपला. जथ्यातला धड झोपलेला माणूस तो एकटाच.

पावणेनऊला मी बँकेच्या काकांना बाजूला घेतलं. “काका, मशालफेरीत मावशींच्या खुर्चीबरोबर कुणीतरी हवं. खुर्च्या पुढं असतात, आपला जथा मागं. मी त्यांच्याबरोबर जाते. निशाण तुम्ही धरा.”

“मी?”

“मोजायला तुमच्याइतकं पक्कं कोण आहे?”

रात्री ९.००

मे महिन्यात इथं सव्वानऊनंतर कुठं सूर्य बुडतो. मिरवणूक सुरू होते तेव्हा मेणबत्त्या नुसत्या हातात असतात, त्यांचा उजेड दिसत नाही. प्रत्येक मेणबत्तीला वाऱ्यासाठी कागदाची टोपी. आम्ही गुंफेच्या बाजूनं निघालो. पुढं मातेची मूर्ती, तिच्यामागं निळ्या खुर्च्यांच्या रांगा, त्यांतल्या एका खुर्चीमागं मी. रस्ता सपाट आहे, तरी खुर्ची ढकलताना कळतं की चाल दुसऱ्याच कुणाची आहे. माझ्यासमोरच्या खुर्चीत ऑक्सिजनची नळी लावलेला एक तरुण होता. तो जेवढ्या वेगानं गेला, तेवढ्याच वेगानं हजारो माणसं गेली.

जपमाळेची दशकं वेगवेगळ्या भाषांत होत गेली: फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, एक तमिळही. दशक संपलं की ‘आवे’चं ध्रुवपद, आणि सगळ्या मेणबत्त्या एकदम वर. दोन-तीन दशकांत आकाश निळंकाळं झालं आणि तोवर न दिसणाऱ्या ज्योती दिसायला लागल्या.

मावशी आपली जपमाळ आपल्या भाषेत म्हणत होत्या. मध्येच मागं वळून म्हणाल्या, “आमच्या चर्चच्या आवारात आहे ना अशीच गुंफा. दर ११ फेब्रुवारीला आम्ही फुलं घालतो. मला वाटायचं, ही मोठी असेल.” थोडं थांबल्या. “तेवढीच आहे.”

तक्रारीचा सूर नव्हता त्यात.

रोझरी बॅसिलिकेसमोरच्या चौकात पोचलो. माझा हात सवयीनं मोजायला उचलला गेला. मोजायला कुणी नव्हतं, समोर फक्त एक खुर्ची. अठरा वर्षांत पहिल्यांदाच मी ती मिरवणूक अंधार पडताना पाहिली. एरवी मी पाठमोरी चालत असते.

रात्री १०.१५

ठरल्याप्रमाणं सगळे मुकुटधारी मातेच्या पुतळ्यापाशी जमले. बँकेचे काका निशाण दोन्ही हातांनी धरून उभे, कपाळावर घाम.

“मॅडम, छत्तीस भरतायत! तीनदा मोजले. दोन हरवलेत!”

“मावशी माझ्याबरोबर आहेत.”

“ते धरलंय. तरी एक कमी.”

मी मोजले. काकांनी स्वतःला धरलं नव्हतं.

हशा पिकला. काकाही हसले, पण निशाण सोडेनात. हॉटेलच्या दारापर्यंत तेच पुढं चालले, दर वळणावर मागं बघत. दारात निशाण परत देताना म्हणाले, “तुम्ही दिवसातून किती वेळा मोजता?”

“ते कधी मोजलं नाही.”

रात्री ११.३०

खोली. इन्सुलिन फ्रीजमध्ये. बॅगा उद्या सहाला खोलीबाहेर. मॅनेजरबाईंनी प्रत्येक मजल्यावर ‘एका वेळी एकच किटली’ असा कागद चिकटवलाय, शेजारी किटलीचं चित्र काढून. माझ्यासाठी टेबलावर मिठाईचा एक डबा ठेवलेला. सुकेळ्यांची परतफेड.

उद्याची बसायची यादी करायला घेतली. पहिल्या रांगेत, दाराशेजारी, मावशी. काकांचं नाव दुसऱ्या रांगेत गेलं. ते काय म्हणतील ते सकाळी बघू. मावशी आधी उतरणार म्हणजे दारात वाट अडणार. थांब्याला तीन मिनिटं, दिवसाचे पाच थांबे: पंधरा मिनिटं. ती कुठून काढायची हे बराच वेळ बघितलं. जेवणातून निघत नाहीत, चालकाच्या विश्रांतीतून तर नाहीतच.

शेवटी गजर ४.३० चा लावला.